पुराचें पाणी आणि माशांचा चारा

आषाढांत कृष्णेचें पाणी तांबडें होऊं लागलें म्हणजे नदीकांठच्या गांवांत एकच प्रश्न सर्वांच्या तोंडीं असतो : पाणी कोठवर आलें? पुलाच्या कोणत्या खुणेस लागलें, देवळाच्या कितव्या पायरीस टेकलें, ओढा मागें फुगून मळींत शिरला काय, कोयनेचे दरवाजे किती उचलले, ह्यांखेरीज दुसरें बोलणें नसतें. माणसाच्या दृष्टीनें हें रास्तच आहे. परंतु त्याच पाण्यांत आणखी एक मोठी वस्ती राहते, आणि पाणी पात्राबाहेर केव्हां पडेल याची ती आपल्या अगदीं उलट आशेनें वाट पाहत असते. आपल्याला ज्या दिवशीं धास्ती वाटूं लागते, त्या दिवशीं तिची सुगी सुरू होते. ती वस्ती माशांची. पूर चढतांना मासा काय खातो, ओसरल्यावर काय खातो, आणि पाणी मुळींच पसरलें नाहीं तर त्याचें काय होतें, ह्या प्रश्नांचा शेतकऱ्याशीं फार जवळचा संबंध आहे असें आम्हांस वाटतें, म्हणून तो विषय येथें घेतला आहे.

कांहीं वाचक म्हणतील कीं, ऊंस, हळद व द्राक्षें सोडून ही माशांची चौकशी कशाला? सातारा-सांगलीकडील शेतकऱ्यांच्या पुष्कळ घरीं मासा शिजतच नाहीं. जेथें शिजतो तेथेंही तो बाजारांतून येतो. नदींतला मासा हा भोई-कोळ्यांचा विषय, आपला नव्हे, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ही समजूतच मुळांत चुकीची आहे. मासा धरतो भोई हें खरें. पण तो मासा चरतो आपल्या बांधाच्या आंत. त्याचें कुरण आपल्या सातबाऱ्यावर आहे. तें कुरण राखणें किंवा मोडणें भोयाच्या हातीं नसून आपल्या हातीं आहे, आणि गेल्या कित्येक वर्षांत आपण तें न कळत मोडीत आलों आहों.

प्रथम माशाचें उन्हाळ्यांतील जिणें पाहूं. माघ-फाल्गुनापासून पात्र आटत जातें व पाणी डोहांत आणि बंधाऱ्यांच्या फुगवट्यांत कोंडून राहतें. ह्या दिवसांत नदी माशाला देऊन देऊन देणार तरी काय? दगडांवरचें शेवाळ, तळच्या गाळांत कुजत पडलेला पाला, त्या गाळांतील अळ्या व गोगलगाई, आणि माशाला मासा. शेवाळ खरवडणाऱ्या व गाळ चाळून खाणाऱ्या जाती त्यावर कसाबसा निभाव काढतात. शिंगाळा, मरळ ह्यांसारख्या शिकारी माशांस मात्र पाणी ओसरूं लागल्यापासूनचे कांहीं महिने मोठे लाभाचे असतात. कारण पुरांत जन्मलेलीं पिल्लें मागें हटणाऱ्या पाण्याबरोबर लहानशा जागेंत गोळा होतात व त्यांस लपावयास गवत उरत नाहीं. म्हणजे पाणी उतरतांना शिकारी मासा पुष्ट होतो, आणि चरणारा मासा वाळतो.

ऊंस तोडतांना मधेंच आखूड कांडीं दिसलीं कीं त्या वेळीं पाण्याचा ताण पडला होता हें आपण कोणास न विचारतां ओळखतों. माशाच्या खवल्यावरही तशींच वर्तुळें असतात. वाढ जोराची असेल तेथें तीं विरळ पडतात, वाढ खुंटेल तेथें दाट. थंड देशांत ही दाटी हिंवाळ्यानें येते. आपल्या मुलुखांत पाणी गोठत नाहीं; येथें बहुधा कोरडा हंगाम व अंडीं घालण्याचा शीण हींच तिचीं कारणें असतात. खवला सुकवून साध्या भिंगाखालीं धरला तरी ह्या खुणा दिसूं लागतात. शाळेंत जाणाऱ्या मुलांनीं हा प्रयोग अवश्य करून पाहावा.

आतां पाणी चढूं लागतें. पात्रांतून तें प्रथम ओढ्यांच्या तोंडांनीं मागें शिरतें, मग सखल मळींत पसरतें. बिळांत पाणी गेल्यामुळें गांडुळें वर येतात. मुंग्या, वाळवी, रातकिडे, नाकतोडे, कोळी गवताच्या शेंड्याकडे धांवतात व तेथून पाण्यांत पडतात. गवताचें बीं, रानांत सांडलेलें धान्य, जांभळें, करंजाचीं फुलें, उंबरें, सगळें पाण्यावर तरंगूं लागतें. उंबराचें झाड पाण्यावर झुकलेलें असावें हें कृष्णाकांठीं इतकें नेहमींचें आहे कीं भिलवडीजवळच्या एका गांवाचें नांवच औदुंबर आहे. महाशीर जातीचे मासे अशीं पडलेलीं फळें आवडीनें खातात. एरवीं शेवाळावर दिवस काढणारा मासा ह्या आठवड्यांत किडे खातो. किडे खाणारा बीं व कोंवळें गवत खातो. आणि मासे खाणाऱ्या शिकाऱ्यास मात्र भक्ष्य हुडकीत हिंडावें लागतें, कारण ज्या लहान माशांवर तो जगत होता ते एकरच्या एकर पाण्यांत पांगलेले असतात. एकाच माशाचें ताट ऋतूप्रमाणें असें पालटतें, हेंच ह्या विषयाचें मर्म आहे. हा मासा अमुकच खातो असें पुस्तकांत लिहिलेलें असतें. तें कोणत्या महिन्यांत, हें विचारल्याशिवाय त्या वाक्यास फारसा अर्थ नाहीं.

ही झाली पहिली पंगत. दुसरी ह्याहूनही महत्त्वाची आहे, पण ती डोळ्यांस सहज दिसत नाहीं. उथळ पाणी मळींत आठ-पंधरा दिवस संथ राहिलें म्हणजे बुडालेलें गवत, पाला व शेण कुजूं लागतें. त्यांतून सुटणारें खत पाण्यांतील सूक्ष्म शेवाळास मिळतें, आणि त्या शेवाळावर व कुजक्या कणांवर जगणारे बारीक पाणकिडे असंख्य वाढतात. शास्त्रज्ञ ह्यांस प्लवंग म्हणतात. ओंजळभर पाणी उन्हांत धरून पाहिलें तर त्यांतले मोठे ठिपक्यांसारखे उड्या मारतांना दिसतात. माशाच्या पिल्लाचें हें आईचें दूध समजावें. रोहू-मृगळासारख्या माशांचें अंडें एक दिवसाच्या आंत फुटतें. दोन-तीन दिवस पिल्लू पोटाशीं असलेल्या बलकावर राहतें. त्यानंतर मात्र त्याच्या इवल्याशा तोंडांत मावेल असें खाद्य भोंवतीं दाट पाहिजे. तें वाहत्या पात्रांत नसतें. तें असतें पसरलेल्या, कोंबट, उथळ पाण्यांत. म्हणूनच ह्या माशांनीं अंडीं घालण्याची वेळ पुराच्या वेळेशीं जुळवून घेतली आहे. आपण वाफसा पाहून पेरतों, मासा पूर पाहून पेरतो.

ह्या गोष्टीचा विचार जगांत इतरत्र पुष्कळ झाला आहे. ॲमेझॉन नदीच्या खोऱ्यांत पावसाळ्यांत मैलच्या मैल अरण्य पाण्याखालीं जातें, व तांबाकी नांवाचा मोठा मासा झाडांमध्यें पोहत फळें व कठीण बिया दातांनीं फोडून खातो. मायकेल गोल्डिंग यांनीं त्यावर १९८० सालीं एक ग्रंथच लिहिला. पुढें १९८९ सालीं युंक, बेली व स्पार्क्स ह्या तिघां शास्त्रज्ञांनीं असें मांडलें कीं मोठ्या नदीच्या जीवसृष्टीचा कणा तिचा प्रवाह नसून तिचें दरवर्षींचें चढणें-उतरणें आहे. पूर हा नदीच्या नाडीचा ठोका होय. कंबोडियांतील तोन्ले साप तळें उन्हाळ्यांत सुमारें अडीच हजार चौरस किलोमीटर असतें, तें पावसाळ्यांत पसरून पंधरा हजारांच्या घरांत जातें, आणि त्या देशाच्या रोजच्या ताटांतील मासा बहुतांशीं त्या पसरण्यावर पिकतो. आपल्याच देशांत आसाम-बंगालचीं बीलें व उत्तर बिहारमधील मन व चौर हीं अशींच पुरावर जगणारीं तळीं आहेत.

कृष्णा-वारणेला तसलीं विस्तीर्ण तळीं नाहींत. आपल्या नद्या उंच दरडींमधून वाहतात, व पसरावयास त्यांस थोडीच जागा आहे. कऱ्हाडास कोयना मिळाल्यापासून पुढें, येरळेच्या संगमावर ब्रह्मनाळाकडे, आणि हरिपुरास वारणा येऊन मिळते त्या टापूंत, सखल मळ्या, ओढ्यांच्या तोंडचे फुगवटे, जुन्या प्रवाहाचे सोडलेले खोलगट भाग व मातीसाठीं खणलेले खड्डे हींच आमचीं पूरतळीं. जागा थोडी म्हणून तिचें मोल कमी असें कोणीं समजूं नये. ज्या गांवास गायरान दहाच एकर, त्या गांवचीं गुरें त्या दहा एकरांवर अधिकच अवलंबून असतात.

आमच्या स्वतःच्या मळींत असा एक खड्डा आहे. आणि तो आमच्याच लोभानें झालेला आहे हें आधींच सांगितलेलें बरें. कांहीं वर्षांपूर्वीं मळीची वरची माती आम्हीं एका वीटभट्टीवाल्यास विकली. ठरलें होतें तीन फूट, निघाली पुरुषभर. पिढ्यान्‌पिढ्यांच्या पुरांनीं आणून घातलेला पोयटा दोन उन्हाळ्यांत भाजून विटा होऊन गेला, व आमच्या पदरीं उभ्या दरडींचें एक डबकें राहिलें. त्याचा राग आम्हांस अजून येतो, आणि त्यांतला अर्धा स्वतःवर असतो. पण पाणी चढलें कीं नदी त्या डबक्यांत येते आणि जातांना मासे ठेवून जाते. एक वृद्ध भोईमामा दरवर्षीं तेथें जाळें टाकावयास येतात. आमच्याच विनंतीवरून ते मासा साफ करतांना आंतडीं आम्हांस दाखवितात. भाद्रपदांत पाणी नुकतेंच ओसरलेलें असतां माशांच्या पोटीं गवताचे तुकडे, बीं, मुंग्यांचीं डोकीं, किड्यांचे पंख असे जिन्नस सांपडतात, व माशास हाताला लागेल इतकी चरबी असते. माघांत तोच मासा कापला तर काळा गाळ व शेवाळाचा लगदा. मरळीचें पाहावें तर उलट : भाद्रपदांत तिचें पोट कित्येकदां रिकामें, आणि मार्गशीर्षांत बोटाएवढ्या माशांनीं भरलेलें. हें शास्त्र नव्हे, एका डबक्याचा अनुभव आहे. परंतु वर सांगितलेल्या गोष्टी आम्हांस पुस्तकाआधीं त्या आंतड्यांत दिसल्या. भोईमामांना त्या आधींच ठाऊक होत्या. ते म्हणत कीं पाणी मळींत निजलें नाहीं त्या सालीं माशाला चव नसते.

आतां पाणी मळींत निजतें किती? ह्याचें उत्तर नदीच्या उगमाकडे शोधावें लागतें. कोयनेचें धरण १९६० नंतरच्या दशकांत उभें राहिलें. त्याची सांठवण सुमारें १०५ अब्ज घनफूट. पुढें कृष्णेवर धोम, वारणेवर चांदोली व उपनद्यांवर इतर धरणें झालीं. त्यांनीं आपली शेती उभी केली, आणि त्यांची निंदा करणें आम्हांस शोभणार नाहीं. परंतु हिशोब पुरा मांडावा. मृग-आर्द्रांचें पहिलें पाणी रिकाम्या धरणांत भरून घेतलें जातें. त्यामुळें पूर्वीं ज्येष्ठ-आषाढांत नदीला हळूहळू येणारे लहान चढ आतां बोथट झाले आहेत. धरणें भरत आलीं म्हणजे श्रावणाच्या सुमारास दरवाजे उघडतात व पाणी एकदम येतें. माशास हवा असतो तो पहिला, मंद, गुडघाभर पसरणारा आणि आठ-पंधरा दिवस टिकणारा पूर. त्याच्या वांट्यास येतो तो उशिरांचा व धसमुसळा. चढतो झपाट्यानें आणि बहुधा उतरतोही झपाट्यानें. अंडीं घालावयाची वेळ टळलेली असते, किंवा घातलेलीं अंडीं कोरड्यांत राहतात. पेरणीच्या वेळीं उघडीप आणि काढणीच्या वेळीं गारपीट झाली तर आपली जी गत होईल तीच ही.

ह्याचा दुसरा परिणाम कोणत्या जाती उरतात ह्यावर झाला आहे. दख्खनच्या माशांचें पहिलें शास्त्रीय वर्णन कर्नल साइक्स यांनीं १८४० च्या सुमारास प्रसिद्ध केलें, व महाबळेश्वर-वाईकडील माशांवर सिलास यांचा लेख १९५३ सालीं मुंबईच्या नैसर्गिक इतिहास मंडळाच्या नियतकालिकांत आला. त्या याद्या घेऊन आज बाजारांत गेलें तर ढीग दिसतात ते त्यांत नसलेल्या माशांचे. रोहू व मृगळ मुख्यतः उत्तरेकडील नद्यांचे. ओडिशांत १९५७ सालीं हिरालाल चौधरी यांनीं टोंचून अंडीं घालविण्याची युक्ति साधल्यापासून त्यांचें बीज कोठेंही तयार होऊं लागलें व धरणां-तळ्यांत सोडलें जाऊं लागलें. चिलापी तर आफ्रिकेची. ती हिंदुस्थानांत १९५२ सालीं आली. तिला पुराची गरजच नाहीं. ती उथळ तळाशीं खळगा करून अंडीं घालते, मादी तीं तोंडांत घेऊन उबविते, आणि पुढें शेवाळ, गाळ, किडे, दुसऱ्यांचीं अंडीं जें मिळेल तें खाते. पुराशीं ज्यांचें जिणें बांधलेलें होतें त्या जाती हटल्या आणि ज्यांचें नव्हतें त्या पसरल्या. चिलापीवर आमचा राग नाहीं. गरिबाच्या ताटांत ती पडते हें मोठेंच काम. पण नदींत चिलापीच चिलापी दिसूं लागली तर नदीचा मळीशीं संबंध तुटत चालला असें खुशाल समजावें.

हाच मुद्दा खानापूर, आटपाडी, कवठेमहांकाळ व जत ह्या तालुक्यांतील वाचकांसही लागू आहे. टेंभू, ताकारी व म्हैसाळ योजनांनीं कृष्णेचें पाणी उचलून तिकडचीं तळीं भरलीं. आणि दुष्काळी भागांत मासळीचा धंदा होऊं शकतो ही आनंदाची गोष्ट आहे. मात्र पंपानें भरलेल्या तळ्यास पूर नसतो. पाणी येतें, पण तें गवतावरून येत नाहीं. अशा तळ्यांतील माशाला चारा आपण घालावा लागतो. शेण, पेंड व कोंडा हीं त्याची मळी. हा खर्च हिशोबांत न धरतां बीज सोडणारे पुढें बीजालाच दोष देतात. पाणी उतरल्यावर उघड्या पडणाऱ्या कांठावर ताग किंवा धैंचा टाकून पुढील भरणींत तो बुडूं दिला, तर थोड्या प्रमाणांत कृत्रिम पूर होतो. ही युक्ति करून पाहण्यासारखी आहे.

परत नदीकडे येऊं. मळींत पूर्वीं काय होतें? कांठाला गवत, बाभळी, करंज, शेरणी. त्यावर उन्हाळी वांगीं, काकड्या, कलिंगडें. आतां ऊंस दरडीच्या टोंकापर्यंत गेला आहे. उभ्या उंसांत शिरलेलें पाणी माशास सर्वस्वीं निरुपयोगी नाहीं, किडे तेथेंही असतात. पण तेथें तणनाशक व कीटकनाशकही असतें. आषाढांत फवारणी झालेल्या रानांत पाणी शिरलें तर तें प्रथम त्याच किड्यांस मारतें ज्यांवर मासा जगावयाचा, आणि मेलेला विषारी किडा खाऊन पुढें मासा. त्याखेरीज उंसाचें पीक फार दिवस बुडून राहिलें म्हणजे हिरवा ऊंस व पाचट एकदम कुजतें आणि पाण्यांतील प्राणवायु खाऊन टाकतें. ऑस्ट्रेलियांत मरे-डार्लिंग खोऱ्यांत २०१०-११ च्या पुरांनंतर असेंच काळें पाणी होऊन मासे गुदमरून मेले. तेव्हां पूर म्हणजे माशाचें कल्याणच असें समीकरण आम्ही मांडीत नाहीं. थोडें गवत कुजलें तर तें खत. शेंकडों एकर पीक कुजलें तर तो कोंडमारा.

मळी हा शब्द आपल्याकडे दोन अर्थांनीं चालतो. एक मळी नदी देते, दुसरी कारखान्यांतून निघते. पहिलीवर मासा चरतो, दुसरीच्या पाण्यानें मरतो. २०२३ सालच्या मार्च महिन्यांत सांगलीजवळ अंकलीच्या बाजूस कृष्णेंत मेलेल्या माशांचा खच तरंगला, तो आमच्या पुष्कळ वाचकांनीं पाहिला असेल. पात्रांत पाणी थोडें, आणि त्यांत घाण पडलेली. अशा वेळीं माशास पळावयास जागा नसते. पुराच्या दिवसांत तेवढीच घाण पातळ होऊन जाते, म्हणून पावसाच्या पहिल्या लोंढ्याबरोबर ती सोडून देण्याची युक्ति कित्येकांस सुचते. आणि तो लोंढा नेमका माशांनीं अंडीं घालण्याचा असतो. ऊंस आपला, कारखान्यांत भागीदारही आपण. सांडपाण्याचा प्रश्न वार्षिक सभेंत सभासदानें विचारला नाहीं तर तो कोणीं विचारावा?

येथें वाचकांपैकीं कोणी रागानें अंक खालीं ठेवील. पुरानें ज्यांचीं घरें नेलीं त्यांस पुराचे उपकार ऐकविणें ही क्रूर थट्टा आहे, असें तो म्हणेल. आणि त्याचें म्हणणें आम्हांस समजतें. २०१९ च्या ऑगस्टांत आयर्विन पुलापाशीं पाणी ५७ फुटांवर गेलें. तेथील इशाऱ्याची पातळी ४० फूट व धोक्याची ४५. त्या दिवसांत ब्रह्मनाळास नाव उलटून माणसें बुडालीं. जनावरें दाव्याला मेलीं. २००५ व २०२१ हीं सालेंही कोणी विसरलेलें नाहीं. असल्या महापुराचे गोडवे गावयास आमची लेखणी धजणार नाहीं. परंतु महापूर व वर्षाचा पूर हे दोन भिन्न आहेत. महापूर गांवांत शिरतो. वर्षाचा पूर मळींत शिरतो व परत जातो. आपण मात्र एकाच्या भीतीनें दुसऱ्याची वाट अडवीत आलों आहों, व त्यानें पहिलाच अधिक उग्र होत आहे. मळींत भराव टाकून, ओढे बुजवून, पाटबंधारे खात्यानें आंखलेल्या निळ्या रेषेच्या आंत बांधकामें करून नदीची पसरण्याची जागा आपण घेतली. जें पाणी मळींत निजावयाचें तें मग पेठेंत येऊन निजतें. पुराचें जादा पाणी दुष्काळी भागाकडे वळविण्याचा प्रकल्प जागतिक बँकेच्या साहाय्यानें पुढें आलेला आहे. महापुराचा माथा त्यानें उतरला तर चांगलेंच. आमची सूचना एवढीच कीं वळवावयाचें तें माथ्याचें पाणी. मळींत येणारा पहिला गुडघाभर चढ नदीलाच राहूं द्यावा, आणि कांठाला उंच भिंती घालण्यापूर्वीं त्या भिंतीमागें कोणतीं कुरणें कोरडीं पडणार ह्याचीही पाहणी व्हावी.

आणखी एक गोष्ट, जिच्यासाठीं सरकार नको, धरण नको, फक्त आपली शरम पाहिजे. पहिल्या पावसांत ओढ्यांना पाणी आलें कीं पोटांत अंडीं घेतलेले मासे प्रवाहाविरुद्ध वर चढतात. ह्या चढणीच्या माशांस बुट्ट्यांनीं, काठ्यांनीं, कोठें मच्छरदाणीच्या कापडानें धरण्याचा मोठा सोहळा गांवोगांव होतो, व त्यांत भोई कमी आणि शेतकऱ्यांचीं पोरें अधिक असतात. हें बियाणाच्या ज्वारीची कणगी फोडून भाकरी करण्यासारखें आहे. डोहांत सुरुंग उडवून किंवा पाण्यांत विष कालवून मासे मारणें हा तर १८९७ च्या मत्स्य कायद्यापासून गुन्हा आहे, आणि तरीही तो होतो; विहिरींच्या कामासाठीं आणलेलें जिलेटीन कोणाच्या घरून जातें हें गांवास ठाऊक असतें.

ह्या सर्वांवर आमचें मागणें मोठें नाहीं. मळी ज्यांच्या खात्यावर आहे त्यांनीं नदीलगतची कांहीं फूट पट्टी ऊंसावांचून ठेवावी. गवत, करंज, उंबर, जांभूळ जें येईल तें येऊं द्यावें. दरड धरून राहील हा आपला लाभ, तिच्यावरून पाणी पसरतांना माशास चारा मिळेल हा त्याचा. अशी पट्टी सोडली तर उत्पन्न घटेल खरें, पण त्या पट्टींतला ऊंस पुरांत बुडाल्यावर आपल्या हातीं किती लागतो हें ज्याचें त्यानें आठवावें. ओढ्याचें तोंड बुजवून तेथें दोन सऱ्या वाढविण्याचा मोह सोडावा. मृगापासून आश्लेषांपर्यंत मळींत फवारणी टाळावी, आणि निदान फवारणीचे पंप व डबे नदींत किंवा ओढ्यांत धुऊं नयेत. कोल्हापुरी बंधाऱ्यांचे बरगे पावसापूर्वीं वेळेवर निघतात कीं नाहीं इकडे पाणीवाटप संस्थांनीं लक्ष द्यावें. एक आठवड्याची दिरंगाई चढणीच्या माशास वर्षाची पडते. आणि माती विकावयाचीच असेल तर करारांत खोली लिहून घ्यावी, व खड्ड्याची एक बाजू उतरती ठेवण्याची अट घालावी. उभ्या दरडीच्या खड्ड्यांत पाणी खोल व थंड राहतें, कांठाला गवत उगवत नाहीं, पिल्लांस चारा होत नाहीं. शिवाय त्यांत गुरें व मुलें पडतात. उतरत्या कांठाचें डबकें असेल तर त्यांतले मासे डांसांच्या अळ्याही खातात.

नदीकांठच्या महाविद्यालयांतील प्राणिशास्त्राच्या विद्यार्थ्यांनीं एखाद्या मळींतील एका डबक्याचें बारा महिन्यांचें टांचण ठेवावें, कोणत्या महिन्यांत कोणत्या माशाच्या पोटीं काय सांपडलें एवढेंच लिहावें, अशीही आमची त्यांच्या अध्यापकांस विनंती आहे. जागा हवी असेल तर आमचा खड्डा मोकळा आहे. त्याच्या पूर्वेकडील दरड ह्या उन्हाळ्यांत तासून उतरती करावयाचें आम्हीं ठरविलें आहे, आणि मासे धरण्याचा हक्क भोईमामांकडेच राहील. बदल्यांत त्यांनीं आषाढ-श्रावणांत जाळें टाकूं नये एवढेंच बोलणें झालें आहे. ते हंसून म्हणाले, आषाढांत जाळें त्यांच्या बापानेंही कधीं टाकलें नव्हतें.